‘ऑटोकरेक्टच्या सगळ्या टिका काढा’ : हा सल्ला का पुरत नाही

वर्डमध्ये मजकूर आपोआप बदलतो अशी कुणी तक्रार केली, की एक ठरलेला सल्ला फिरत येतो : ‘ऑटोकरेक्टमधल्या सगळ्या टिका काढून टाका, त्रास कायमचा संपेल. नाही संपला तर वर्ड काढून परत टाका. मराठीचं मात्र विसरा, वर्डमध्ये मराठी फॉन्ट टिकतच नाही.’ ऑटोकरेक्ट म्हणजे टाइप करतानाच मजकूर आपोआप दुरुस्त करणारी वर्डमधली सोय, आणि टिका म्हणजे तिचे पर्याय चालू असल्याच्या चौकटींतल्या खुणा. मी प्रबंध आणि अहवाल टाइप करून देते. या सल्ल्यापायी लोकांच्या रात्री वाया गेलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून लिहिते.

‘सगळ्या टिका काढा.’ पण कुठल्या? फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं गेलं की ‘ऑटोफॉरमॅट’ आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ असे दोन वेगळे टॅब दिसतात. घाईत पहिल्यातल्या टिका काढल्या जातात. तो टॅब ऑटोफॉरमॅटची कमांड मुद्दाम चालवली तरच उपयोगी पडतो. आकडा, टिंब आणि स्पेस दिल्यावर यादी सुरू होणं, तीन हायफन देऊन एंटर मारल्यावर पानभर रेघ उमटणं, हे सगळं दुसऱ्या टॅबमधलं. ती रेघ माउसने धरायला जाल तर हाती लागत नाही, कारण ती वरच्या परिच्छेदाची बॉर्डर असते. त्या परिच्छेदात कर्सर ठेवा आणि बॉर्डर्समध्ये ‘नो बॉर्डर’ निवडा. एखाद्याच ठिकाणी बदल नको असेल तर तो होताक्षणी कंट्रोल-झेड दाबा. बदल मागे जातो, तुम्ही टाइप केलेलं राहतं.

टिका काढण्याचा सल्ला एका ठिकाणी मात्र शंभर टक्के बरोबर आहे. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘काम’ हा शब्द इंग्रजी डी, के, ई या कळांनी उमटतो. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची टिक चालू असेल तर डी मोठा होतो आणि ‘क’चा अर्धा ‘क्’ होऊन बसतो. तिथे ती टिक काढायलाच हवी.

‘त्रास कायमचा संपेल.’ नाही संपत, कारण मोठे घोळ ऑटोकरेक्टच्या बाहेरचे असतात. एका विद्यार्थिनीने प्रबंधात एकच उपशीर्षक मध्यभागी घेतलं आणि पाचही प्रकरणांतली उपशीर्षकं मध्यभागी सरकली. सबमिशन दुसऱ्या दिवशी. टिका तिने आधीच काढल्या होत्या. दोष होता स्टाइलमध्ये, म्हणजे उपशीर्षकांना दिलेल्या, नावानिशी साठवलेल्या मांडणीत : त्या स्टाइलवर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’ उघडलं, तर खाली ‘ऑटोमॅटिकली अपडेट’वर टिक होती. ती असली की एका परिच्छेदात केलेला बदल त्या स्टाइलच्या सगळ्या परिच्छेदांना लागतो. ती काढली, शीर्षकं परत जागेवर घेतली, काम झालं.

‘वर्ड काढून परत टाका.’ स्टाइल फाइलमध्येच साठवलेली असते. वर्ड नवं टाकलं तरी फाइल तीच, घोळ तोच.

‘मराठी फॉन्ट टिकत नाही.’ देवनागरीसाठी वर्ड फॉन्ट आणि आकार वेगळा लक्षात ठेवतं. म्हणून इंग्रजी फॉन्ट कितीही बदलला तरी मराठी होती तशी राहते, आणि आपल्याला वाटतं की वर्ड ऐकत नाही. आधी ऑप्शन्समधल्या लँग्वेजमध्ये मराठी जोडा. मग कंट्रोल-डी दाबा. फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग दिसेल. तिथे हवा तो देवनागरी फॉन्ट आणि आकार निवडा, ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा, आणि विचारेल तेव्हा या टेम्प्लेटवरच्या (नव्या फाइलच्या साच्यावरच्या) सगळ्या डॉक्युमेंटसाठी असा पर्याय घ्या. पुढची नवी फाइल त्याच फॉन्टमध्ये उघडेल.