मीठ-व्हिनेगरचं ‘घरगुती तणनाशक’ कुंपणाच्या मुळाशी ओतू नका

पावसाळा लागला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो: “एक किलो मीठ, दोन लिटर व्हिनेगर, दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड. कुंपणाच्या बुंध्याशी फवारा. तण कायमचं जातं, कुंपणाला धक्का लागत नाही. सगळं स्वयंपाकघरातलं, हातमोजेही नकोत. ग्लायफोसेट हे रासायनिक तणनाशक आणलंत तरी चालेल, ते मातीला लागताच निकामी होतं.”

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एकांनी हे केलं, बाग चांगली दिसावी म्हणूनच केलं. कामिनीच्या कुंपणाच्या पानांच्या कडा आधी करपल्या, मग पानगळ झाली आणि दिवाळीपर्यंत दहा-बारा फुटांत नुसत्या काटक्या उरल्या. लव्हाळा हे तण मात्र त्याच जागी हिरवंगार उभं होतं.

तण कायमचं जातं, हा दावा तिथेच खोटा ठरतो. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये अॅसिटिक अॅसिड असतं चार-पाच टक्के. ते लागेल तेवढं पान करपवतं, मुळापर्यंत जात नाही. नुकतं उगवलेलं कोवळं तण त्याने मरतं, हे खरं. पण लव्हाळा एकदा खुरप्याने उकरून बघा. खाली काळपट गाठ निघते, तिच्यातून सुतळीसारखा धागा पुढच्या गाठीकडे गेलेला असतो, तिथून आणखी पुढे. वरचं पान जळालं तरी गाठीतून नवा कोंब येतोच. हरळीचंही तेच.

मेसेजमधला सर्वांत घातक भाग म्हणजे कुंपणाला काही होत नाही ही खात्री. व्हिनेगर मातीत काही दिवसांत विघटित होतं. मीठ होत नाही. तण कुठलं आणि कामिनी कुठली, हे मिठाला कळत नाही, आणि कुंपणाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं त्याच वरच्या वीतभर मातीत असतात. मिठातलं सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतं. ओली असताना माती चिकट होते, वाळली की दगडासारखी, आणि पाणी वरच साचतं. सांगली-कोल्हापूरकडच्या ऊसवाल्याला विचारा, तो हिला चोपण जमीन म्हणेल. तिथे अतिपाण्याने आणि निचरा नसल्याने वर्षानुवर्षांत जे घडलं, ते आपण एका बादलीत आपल्या हाताने घडवतो. खाडीकाठी वाढणारी कडू मेंदी मीठ सोसते, त्यामुळे कोकणात कुणाचं कुंपण वाचलंही असेल. त्यावरून पुण्यातल्या कामिनीला तोच उपाय करू नये.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात. व्हिनेगर डोळ्यात उडालं तरी इजा होते, आणि काही जण ‘जोर यावा’ म्हणून तीव्र अॅसिटिक अॅसिड आणतात, त्याने कातडी भाजते. फवारणी अंगावर घेणं किती महाग पडतं, हे २०१७ साली यवतमाळच्या कपाशीच्या शेतांत फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली तेव्हा दिसलं. ती कीटकनाशकं होती, पण पंप पाठीवर घेणाऱ्या माणसासाठी धडा तोच आहे.

ग्लायफोसेटच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. मातीच्या कणांना ते घट्ट चिकटतं, मुळांतून फारसं जात नाही. पण पानांतून आणि हिरव्या सालीतून ते आत शिरतं आणि थेट मुळांपर्यंत पोचतं. कुंपणाला बुंध्याशी फुटवे असतात, खालच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात. वाऱ्याने चार तुषार उडाले की पुरे. पुढच्या फुटीत पानं बारीक, पिवळी, झुपक्याने येतात, आणि तोवर फवारणी झाली होती हेही कुणाला आठवत नाही. शिवाय केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. बागकाम करणाऱ्या गड्याच्या हातात बाटली देऊन मोकळं होण्याची ही गोष्ट नाही. त्याचा पंप कालच गव्हावर टू-फोर-डी हे रुंद पानांचं तण मारणारं औषध मारून आला असेल, तर नीट न धुतलेल्या टाकीतला अंशही रुंद पानांच्या झाडांना बाधतो.

माझं मत स्पष्ट आहे: कुंपणापासून दोन फुटांच्या आत खुरपंच चालवावं. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा लव्हाळा गाठीसकट निघतो. गाजर गवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा. मग तीन-चार इंच पाचट किंवा वाळका पाला पसरा, बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवून. पुढे रस्त्याकडेला तणनाशक मारावंच लागलं, तर जाणकाराकडून, वारा पडलेल्या सकाळी, नोझलला हुड लावून आणि कुंपणापुढे पत्रा धरून मारून घ्या.

ज्यांनी मीठ आधीच टाकलंय, त्यांनी वरचा पांढरट थर खरवडून बाहेर टाकावा. मीठ जास्त पडलं असेल तर वरची माती बदलणंच बरं. नाहीतर निचरा आहे ना, हे पाहून गोडं पाणी तीन-चार वेळा भरपूर सोडा. काळ्या मातीत आधी जिप्सम मिसळा आणि मग पाणी द्या, म्हणजे सोडियम सुटून खाली जाईल. आमच्या त्या पट्ट्यात आता हेच चालू आहे.