वाय म्हणजे तीनशे

२२५/४० आर १८ ९२ वाय. हे सगळं टायरवर चांगलं ठळक कोरलेलं असतं, पण काळ्यावर काळं. त्यामुळे वाचायला चाकासमोर उकिडवं बसावं लागतं. आणि नागपुरात भर रस्त्यात कुणी गाडीच्या चाकासमोर उकिडवं बसलं, की येणारा-जाणारा स्कूटर थांबवून विचारल्याशिवाय पुढे जात नाही. "काय होऊन राहिलं भाऊ? पंक्चर?" नाही, वाचून राहिलो, असं सांगितलं तर तो काळजीने जास्तच वेळ थांबतो.

तर २२५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे त्या रुंदीच्या चाळीस टक्के उंची. हिशेब केला तर रिम आणि नागपूरचा रस्ता यांच्यामध्ये अवघं नऊ सेंटिमीटर रबर उरतं. आर म्हणजे रेडियल, १८ इंची रिम. ९२ हा वजनाचा आकडा, एका टायरला ६३० किलो. चार टायर मिळून अडीच टनांवर जातात. म्हणजे गाडी, आम्ही चौघं आणि अकोल्याहून निघताना सासूबाई डिक्कीत भरतात ते सगळं धरूनही काही किलो शिल्लक राहतात. आणि शेवटचा वाय म्हणजे वेग. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर.

माझी गाडी रोज सकाळी धरमपेठेतून निघून वर्धा रोडला जाते. तिचा ताशी वेग समोरची ई-रिक्षा ठरवते.

गाडी मी सेकंडहँड घेतली. मालक कॅनडाला चालला होता, त्याला घाई होती आणि मला हौस होती. दोन लिटरचं टर्बो इंजिन, सव्वादोनशे हॉर्सपॉवर. अशी गाडी घेताना माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, सीटवर हात फिरवतो, सनरूफ उगाचच चारदा उघडतो-लावतो. टायरकडे कुणाचं लक्ष जात नाही. वास्तविक एवढ्या मोठ्या गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, प्रत्येकी तळहाताएवढा. ब्रेक काय, स्टिअरिंग काय आणि ते सव्वादोनशे घोडे काय, सगळ्यांचा कारभार त्या चार तळहातांवर. पण मोबाइलला काचेचं कव्हर कोणतं लावायचं यावर दोन दिवस घालवणारी मंडळी टायरच्या बाबतीत "द्या कोणताही, लवकर लावा" म्हणतात.

माझ्यावरही टायर घ्यायची वेळ आली, कारण पुढच्या डाव्या टायरला फुगा आला. मला मात्र ते लवकर लावता आले नाहीत.

सिमेंटचा रस्ता संपतो आणि डांबराचा सुरू होतो तिथे एक पायरी असते. चौकाचं नाव सांगत नाही. प्रत्येक नागपूरकराला तो आपल्याच घराजवळचा वाटेल आणि तो बरोबरच असेल. पायरीवर चाक आपटलं की टायरची बाजू रिम आणि कड यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात आणि हवा तिथून बाहेर डोकावू लागते. त्याला फक्त वरचं पातळ रबर अडवून असतं. फुग्याला पंक्चरसारखा इलाज नाही. नेहमीच्या पंक्चरवाल्या चाचांनी त्यावरून एकदाच बोट फिरवलं, तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि म्हणाले, "ये तो गया भाऊ." मग बाकीचे तीन पाहिले. "ये भी जाने के मूड में है."

गाडी पोर्चमध्ये लावली आणि मी बायकोच्या स्कूटीवर आलो. सव्वादोनशे घोडे सावलीत, मालक पावसात. स्कूटी मिळाली ती अटींवर. पेट्रोल भरून आणायचं आणि डिक्कीतल्या तिच्या रेनकोटला हात लावायचा नाही.

आता सल्ले. नागपुरात टायर पाहायची एक पद्धत आहे. आधी लाथ मारायची, मग अंगठ्याने दाबायचं, मग "नरम आहे" किंवा "कडक आहे" असा निकाल द्यायचा. यातलं कोणतं चांगलं हे निकाल देणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीवर कोणता टायर आहे त्यावर ठरतं. शेजारच्या काकांनी दोन्ही चाचण्या केल्या आणि मला हात धरून त्यांच्या गाडीपाशी नेलं. "सत्तर हजार चालले हे. आणि पाहा, अजून कसे गुळगुळीत आहेत!" खरंच गुळगुळीत होते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि १.६ च्या खाली गेली की कायद्याने टायर बाद. तेवढ्यासाठी खाचेतच रबराच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या नक्षीच्या बरोबरीला आल्या की टायरचं आयुष्य संपलं. काकांच्या टायरवर पट्ट्याही नव्हत्या, नक्षीही नव्हती, नुसता गोटा. समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी परिवहन खात्याचे लोक टायर तपासून गोटेवाल्यांना परत पाठवू लागले, तेव्हापासून काका शिर्डीला जुन्या अमरावती रोडने जातात. कारण विचारलं तर म्हणतात, "तिकडं चहा चांगला भेटते."

साडूचं म्हणणं वेगळं. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर फुटत नाही." हे ज्ञान विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त दुमडतात. दुमडून दुमडून आतल्या आत तापतात. नवतप्यात पंचेचाळीस-शेहेचाळीस डिग्रीत, १२० च्या वेगाने, तासन्‌तास सिमेंटवर पळताना फुटतो तो हाच मऊ टायर. कंपनीने दरवाजाच्या खांबावर लिहिलेला आकडा पाहायचा, सकाळी टायर गार असताना तेवढी हवा भरायची, विषय संपला. वायचं खरं मोल मला इथेच पटलं. तीनशेने कुणी जात नाही, पण तीनशेची उष्णता सोसायला बनवलेला टायर आमचा मे महिना जरा शांतपणे घेतो. कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली उतरायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

बाबांनी सल्ला दिला नाही. चार टायरची किंमत ऐकली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "एवढ्या पैशात आम्ही बेशाला प्लॉट घेतला होता."

मग दुकान. दुकानातल्या माणसाने माझ्या हातात एक जाडजूड टायर दिला आणि "ट्रेडवेअर ३२०" असं कौतुकाने सांगितलं. हा आकडा टायर किती चालेल ते सांगतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा हजारो किलोमीटर फिरवून झीज मोजतात आणि नमुन्याच्या टायरला १०० मानून बाकीच्यांना आकडे देतात. पण आकडा शेवटी कंपनी स्वतःच छापते, त्यामुळे एका कंपनीचा ३२० आणि दुसरीचा ३२० यांची सोयरीक जुळतेच असं नाही. एवढं मात्र खरं की आकडा लहान तर रबर नरम. पकड झकास, आयुष्य कमी. आकडा मोठा तर टायर काकांच्या वाटेने. वेगवान गाड्यांचे टायर बहुधा नरम गटात. वळणावर रस्त्याला चिकटतात आणि पैसेही रस्त्यावरच ठेवून येतात.

"हाच घ्या भाऊ, एक नंबर माल," दुकानदार म्हणाला. मी मोबाइलची बॅटरी लावून चार आकडे शोधू लागलो. टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली जन्मला ते या चार आकड्यांत असतं. ३४२१ म्हणजे २०२१ चा चौतिसावा आठवडा. गंमत अशी की हे आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली तर टायरचं वय फक्त गाडीखाली झोपणाऱ्याला कळतं. मी टायर फिरवला, उलटा केला, पँटीला काळं लावून घेतलं आणि आकडे सापडले. २०२१ चेच होते.

"चार वर्षं जुना आहे हा."

"तर मग? टायर काय दूध आहे का भाऊ, नासायला?"

मी त्याला सांगितलं की रबर ठेवल्या ठेवल्याही कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, नागपूरच्या गोदामात तर लवकरच. त्याने ते सगळं मन लावून ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाला, "लोकं चालवून राहिले ना पण."

ताजा माल का नाही, याचं कारण त्याच्याजवळ तयार होतं आणि ते खरंही होतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय बाहेरचा माल येत नाही. लहान गाड्यांचे टायर इथेच ढिगाने बनतात, त्यांना काही फरक पडला नाही. पंचाईत झाली ती अठरा इंची रिम आणि शेवटी वाय अक्षर असलेल्या आमच्यासारख्यांची. कंपनी हवी ती असली तर माप नाही. माप असलं तर साल नाही. दोन्ही असलं तर तीनच टायर आहेत, चौथा "रायपूरहून येऊन राहिला." हा चौथा टायर रायपूरहून इतका सावकाश येत होता, की मला तो लोळत येत असावा असं वाटू लागलं.

दुकानाच्या भिंतीवर मिशलीनचा तो गुबगुबीत पांढरा माणूस हसत होता. या टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. गॅरेज कुठे, मुक्काम कुठे, जेवण कुठे. लोकांनी लांब लांब हिंडावं, टायर झिजावेत, नवे घ्यावेत, असा साधा व्यापारी हिशेब. पुढे त्याच पुस्तिकेच्या ताऱ्यांसाठी जगभरचे बल्लवाचार्य झुरू लागले. नागपुरात असं काही छापायची गरजच नव्हती. तर्री पोह्यासाठी शहराच्या या टोकाहून त्या टोकाला आणि सावजी मटणासाठी गावाबाहेर, आम्ही टायर आधीपासूनच झिजवतो आहोत. दुसऱ्या भिंतीवर गुडइयर. त्या चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक तापवून रबर पक्कं करायची युक्ती शोधली आणि १८६० मध्ये कर्जबाजारी होऊन गेला. कंपनी निघाली १८९८ मध्ये, त्याच्या नावाने, पण त्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. हातात चार टायरचं कोटेशन घेऊन उभं असताना या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

मध्येच मेकॅनिकने फाटा फोडला. रिमच लहान करा. सतरा इंची रिम आणि २२५/४५ टायर, चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच, पण रबर सेंटिमीटरभर जास्त. रस्त्याच्या पायरीला तेवढंच उत्तर. सूचना शंभर टक्के शहाणपणाची होती. पण पुढच्या चाकांतले ब्रेक एवढे मोठे की सतरा इंची रिम त्यांच्यावर बसते की नाही हे बसवून पाहिल्याशिवाय कळेना, आणि बसवून पाहण्यापुरती रिम द्यायला कुणी तयार होईना.

एवढ्यात ऑगस्ट उजाडला आणि जीएसटी कमी होणार अशी कुणकुण लागली. त्यानंतर टायर घेणं हा माझा खाजगी विषय राहिला नाही. साडू रोज फोन करू लागला, "घेऊ नको बे आत्ता." २२ सप्टेंबर २०२५ ला टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आख्ख्या खानदानाने माझे पैसे वाचवल्याचा आनंद साजरा केला. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तरी प्लॉटचा हिशेब जमलाच नाही.

निवड शेवटी बायकोने केली. मी तिच्यासमोर कागद पसरले होते. वळणावरची पकड, स्टिअरिंगचा प्रतिसाद, आवाज किती डेसिबल. तिने चष्म्यावरून पाहिलं. "पावसात ब्रेक मारला तर यातला आधी कोणता थांबते?" युरोपातल्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए ते ई अशी अक्षरं असतात. मी ए दाखवला. "आणि सिमेंट रोडवर कमी बोंबलते तो कोणता?" सिमेंटच्या रस्त्यावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात आणि त्यावरून कडक टायर गेला की गाडीत बोललेलं ऐकू येत नाही. (हा दोष की सोय, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.) दोन प्रश्नांत पाच नावांची दोन झाली आणि त्यातलं एक चौथा टायर रायपूरलाच असल्यामुळे बाद झालं. कोणता घेतला ते सांगत नाही. नागपुरात घेतलेल्या टायरचं नाव सांगितलं, की ऐकणारा "अरे यार, त्यापेक्षा..." असं म्हणूनच सुरुवात करतो.

फुगा सांभाळत, वीसच्या वेगाने गाडी दुकानापर्यंत नेली. मागून ई-रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. जुने टायर उतरले, नवे चढले. अंगावर ते रबराचे बारीक केस होते, मुलीने खाली बसून एकेक उपटायला सुरुवात केली. बॅलन्सिंग झालं, रिमला शिशाचे तुकडे चिकटले, अलाइनमेंट झालं. पोरगा नायट्रोजनची नळी घेऊन आला. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो, उरलेल्या बावीसचे पैसे मागत होता. साधी हवा भरायला सांगितली. "पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा आरामात जा भाऊ," तो म्हणाला, "नवं रबर घसरते." साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला लेप जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही, तेव्हा तो बरोबरच सांगत होता.

बिल देत होतो तेवढ्यात दुकानदार स्वतः उठून डिक्कीपाशी गेला. "स्टेपनी पण पाहून घेऊ भाऊ." आतली स्टेपनी बारीक, सडपातळ, ८० च्या वर जाऊ नका असं सांगणारी. एकदाही जमिनीला न टेकलेली, केसही शाबूत. मी अभिमानाने म्हटलं, "कोरी आहे एकदम."

त्याने खिशातून मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि शांतपणे चार आकडे शोधले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "२०१७ ची आहे भाऊ. हिचं तर पार दही झालं."