सातवं गाणं का म्हटला नाहीसा?

गणपती जवळ आले की आमच्या ऑर्केस्ट्रात लिस्टवरून भांडण ठरलेलं. सिंगरला स्वतःची गाणी जास्त पाहिजेत, गायिका म्हणते माझी सलग दोन-तीनच्या वर नकोत घसा बसतो, कीबोर्डवाल्याला जिथं जिथं त्याचा पीस आहे ती सगळी गाणी पाहिजेत, आणि ऑक्टोपॅडवाला म्हणजे मी, मला कोण विचारतच नाही. म्हणून यंदा म्हटलं एआयलाच विचारू, त्याला ना घसा ना पीस.

विचारलं. पाच जणांचा ग्रुप, बेळगावात शहापुरातल्या गल्लीचा गणपती, 7 ते 10, मराठी हिंदी आणि थोडी कन्नड. चहा निवायच्या आत 24 गाण्यांची लिस्ट हजर, प्रत्येकापुढं पट्टी, लय, मिनिटं, आणि वर पब्लिकला कुठं उठवायचं कुठं बसवायचं त्याचा आलेख. आमचं पब्लिक मुळात बसतच नाही, पुढं पोरं नाचतात आणि मागं बायका एकमेकींसाठी खुर्च्या धरून ठेवतात, पण कागदावर दिसायला एकदम भारी. मी लगेच प्रिंट काढून एक कॉपी मंडळाच्या खजिनदारांना पण देऊन आलो, जरा इंप्रेशन.

पहिली हरकत ढोलकीवाल्या काकांची. एआयनं एक गाणं त्याचं एक गाणं तिचं असं आलटून-पालटून लावलेलं. आता आमच्या सिंगरची पट्टी काळी एक, गायिकेची काळी पाच, कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा, पण ढोलकीला बटण असतंय काय? "दर गाण्याला मी ढोलकी चढवत-उतरवत बसू व्हय रे? 1924 ला इथं सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, त्यांना पट्टी काय मशीन सांगत होतं काय?" कुमार गंधर्वांचा आणि आमच्या ढोलकीचा संबंध काय, असं काकांना विचारायची पद्धत नाही. मी एआयला अडचण सांगितली, त्यानं आधी दोन ओळी माफी मागितली (एवढी नम्रता आमच्या ग्रुपात कुणाकडंच नाही) आणि पट्टीप्रमाणं गठ्ठे करून दिले. म्हणजे आता गायिकेची सलग आठ. तिनं लिस्ट वाचली, घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "छान आहे की. आठच्या आठ तूच म्हण."

शेवटी एआयची पहिली लिस्टच परत काढली, पण त्यात एक भानगड होतीच. सातवं गाणं. गणपतीचंच, नाव झकास, पट्टी लिहिलेली, साडेचार मिनिटं लिहिलेली, आणि आमच्यात कुणी कधी ऐकलेलंच नाही. यूट्यूबवर नाही, काकांच्या वहीत नाही, आणि काकांच्या वहीत नाही म्हणजे विषय संपला. एआयला विचारलं तर म्हणतं तुमचं बरोबर, असं गाणं नाही, त्याऐवजी हे घ्या. ते पण नव्हतं! शब्दापुढं शोभेल असा शब्द ठेवत जायचं हे त्याचं काम, मग असलेलं गाणं काय आणि नसलेलं काय, त्याला दोन्ही सारखंच. कीबोर्डवाला म्हणाला नाव चांगलंय, चाल लावूया काय. त्याला गप्प बसवला.

कार्यक्रमादिवशी गणेशवंदना झाली आणि अध्यक्षांनी माईक घेतला. एआयनं दोन गाण्यांत 30 सेकंद धरलेले. त्या 30 सेकंदांत आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, पुढं होणार म्हणून आत्ताच फ्लेक्सवर आलेले नगरसेवक, मांडववाला, जनरेटरवाला, सगळ्यांना शाल, श्रीफळ, फेटा. फेटे पण तिथंच बांधायचे. त्यानंतर चिठ्ठ्या सुरू. नोटेला टाचणी लावून आलेली फर्माईश नाही म्हणता येत नाही, हे कुठल्या आलेखात बसवणार? मग कार्यकर्ता कानात, पोलीस साहेब आलेत, एक कन्नड घ्या. घेतलं. कट्ट्यावर बसून सीमाप्रश्नावर तास-तासभर बोलणारी पोरंच त्यावर सगळ्यात जास्त नाचली, वन्समोअर पण त्यांनीच दिला.

आणि सगळ्यात दमदार गाणं एआयनं राखून ठेवलेलं एकदम शेवटाला. 2000 सालच्या नियमाप्रमाणं रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, सरकारनं सूट दिली तर गोष्ट वेगळी. आम्हाला सूट नव्हती. मुखडा अर्धा झाला, आत्ताशी नाचाला रंग चढत होता, तेवढ्यात साहेब स्टेजजवळ येऊन हात वर करून म्हणाले, "साकु. बंद माडी." म्हणजे पुरे, बंद करा. एनर्जी तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी पैशाला गेलो तर खजिनदारांच्या हातात माझीच प्रिंट आणि लाल पेन.

"24 लिहिलायसा, म्हटलासा 15."

"ओ पण सत्कारात किती वेळ गेला."

"सत्कार लिस्टमध्ये कुठाय, दाखवा."

फर्माईशीची गाणी मोजा म्हटलं तर त्याचे पैसे तुम्हाला टाचणीसकट मिळालेत म्हणाले. हिशोब करून नऊ गाण्यांचे कापले, पाकीट पुढं सरकवलं, आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "बाकीचं जाऊ दे ओ, पण ते सातवं का म्हटला नाहीसा? आमच्या घरच्यांना लई आवडतंय ते."