डॅन्यूबचा फोटो आणि तिसाकाठचा रस्सा

बुडापेस्टला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे एक फोटो असतोच. डॅन्यूबकाठचं टेबल, मागे उजळलेला चेन ब्रिज आणि पुढ्यात वाडगाभर गुलाश, म्हणजे मांसाचा रस्सा. फोटो झकास येतो. गुलाश बहुतेक वेळा यथातथाच असतो, कारण तिथे आपण पैसे मोजतो ते रोषणाईचे. माझं स्पष्ट मत आहे की हंगेरीत नदीकाठी जेवायचं तर नदी दिसते का हे बघूच नये. एखादा दिवस मोकळा असेल तर ट्रेनने सेगेदला जा. बुडापेस्टहून साधारण अडीच तास, दक्षिणेकडे, तिसा नदीच्या काठावर.

आम्ही जिथे बसलो तिथून पाण्यापेक्षा धक्क्याची भिंतच जास्त दिसत होती. त्यालाही कारण आहे. १८७९च्या मार्चमध्ये तिसाला पूर आला आणि जवळपास अख्खं गाव वाहून गेलं. मग परदेशातून मदत आली, शहर नव्याने आखलं गेलं आणि बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याच्या तुकड्यांना लंडन, पॅरिस, रोम, मॉस्को अशी मदत करणाऱ्या शहरांची नावं दिली. एवढं सोसल्यावर लोक नदीला भिंतीपलीकडे ठेवणारच की!

तिथे मागवायचं ते हालासले, म्हणजे कोळ्यांचा माशाचा रस्सा. वाडगा समोर आला तेव्हा वरची तर्री बघून मी नवऱ्याला म्हटलं, "पाणी जवळ ठेव." काही गरज पडली नाही. रंग मिसळीचा, पण चव गोडसर, दाट, कांद्याची. सेगेदची पद्धत अशी: आधी लहान मासे, माशांची डोकी, काटे आणि भरपूर कांदा तासन्‌तास शिजवायचा, सगळं चाळणीतून गाळायचं, त्या दाट पाण्यात पाप्रिका, म्हणजे तिथल्या लाल मिरचीची पूड घालायची आणि शेवटी कार्पचे तुकडे सोडायचे. तुकडे पडल्यावर डाव घालायचा नाही, मासा मोडतो. कढई नुसती हलवायची. कार्पला बारीक काटे फार, म्हणून तुकड्यांना आधी जवळजवळ चिरा देतात, काटे रश्श्यात मऊ पडतात. रोहू-कटला खाणाऱ्यांना हा मासा परका वाटणार नाही, एकाच कुळातले आहेत.

"युरोपातलं जेवण फिक्कं" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. मिरची अमेरिकेतून निघाली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, हंगेरीत ती तुर्कांच्या काळात पोचली. आपण तिच्यात जाळ शोधला, त्यांनी रंग आणि गोडवा. तिखट हवं असेल तर हिरव्या मिरचीच्या चकत्या वेगळ्या येतात, ज्याने त्याने आपल्या हिमतीवर घ्याव्यात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. घरी न्यायला पाप्रिकेचं पाकीट घेणार असाल तर ‘एदेश’ म्हणजे गोड आणि ‘चीपोश’ म्हणजे तिखट, एवढं बघून घ्या.

ह्याच गावच्या, सेगेदच्या विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे शास्त्रज्ञ होते. ताटातली पाप्रिका मिरची खायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी ती प्रयोगशाळेत नेली, असं ते स्वतःच सांगत. तिच्यात सी जीवनसत्त्व ढिगाने सापडलं. १९३७चं नोबेल त्यांना मिळालं त्यात ह्या मिरचीचा वाटा आहे. ताटात काही टाकायचं असेल तर असं टाकावं!

आता खरी गंमत. ताटातला मासा समोरच्या तिसातला असण्याची शक्यता कमीच. २०००च्या सुरुवातीला रुमानियातल्या सोन्याच्या खाणीच्या गाळसाठ्याचा बांध फुटला, सायनाइड तिसात उतरलं आणि हजार टनांहून जास्त मासे मेले. नदी पुढे सावरली. पण हंगेरीने नंतर नैसर्गिक पाण्यातली व्यावसायिक मासेमारीच बंद केली, त्यामुळे हॉटेलातला कार्प बहुधा तळ्यात वाढवलेला असतो. काहींना ही फसवणूक वाटते, मला नाही. मासा तळ्यातला असला तरी गाळायची चाळणी आणि न ढवळायची शिस्त काठावरचीच आहे. डॅन्यूबकाठच्या त्या फोटोत नेमकं हेच नसतं.

अर्थात डॅन्यूबवरच्याच बॉया गावचे लोक सेगेदची पद्धत मानत नाहीत. ते काही गाळत नाहीत, सगळं एकाच कढईत आणि वर बारीक शेवया. जुलैत तिथे चौकात शेकडो कढया एकाच वेळी चढतात. ते अजून बघायचंय.

शाकाहारी मंडळींसाठी: माझा नवरा मासे खात नाही. त्याने तूरोश चुसा घेतलं, पास्त्यावर ताजं चीज आणि आंबट साय. वरून बेकन घालतात, तेव्हा नको असल्यास ऑर्डर देतानाच सांगा. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंडगार सूप मिळतं, तेही घ्या. शोम्लोई गलुश्का नावाच्या केकमध्ये रम असते. हे आम्हाला त्याचा दुसरा केक संपल्यावर कळलं, आणि त्याची काहीच तक्रार नव्हती.