खुंट्या मी देतो

आपल्याकडे दारात कोणी आलं की आधी पाणी विचारतात. परवा बसमध्ये एका म्हाताऱ्यानं माझ्या कम्प्युटरला पाणी विचारलं. चार दिवस झाले, राग गिळतो आहे, पण तो घशातच अडकून बसलाय.

मागची गोष्ट थोडक्यात. गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, केवायसी, फार्मर आयडी, जे निघेल ते. लाईन गेली की दुकान बंद, आणि आजूबाजूच्या गावांत जाऊन कामं करावी तर डेस्कटॉप काखोटीला मारून नेता येत नाही. अशा वेळी शहाणी माणसं लॅपटॉप घेतात. मी सुटकेसमध्ये कम्प्युटर बसवला. 'कायले?' हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे, तुम्ही विचारू नका.

सुटकेस बायकोची. आंदणातली, मरून रंगाची, चौदा वर्षं पलंगाखाली पडून होती. आत १७ बाय १७ सेंटिमीटरचा मिनी आयटीएक्स मदरबोर्ड पितळी पायांवर उभा केला. झाकणात एका मेलेल्या लॅपटॉपचा पडदा त्याच्या कंट्रोलर बोर्डासकट बसवला. चालू करायला दाराच्या बेलचं बटण. बॅटरी भावाच्या फवारणी पंपाची, बारा व्होल्ट, बारा अँपिअर-अवर. मे महिन्यात पंपाला काम नसतं, त्यामुळे भावाला अजून पत्ता नाही. भरलेली असली की ही बॅटरी पावणेतेरा व्होल्ट दाखवते आणि उतरत आली की साडेअकरा. साध्या पॉवर सप्लायला हे नखरे चालत नाहीत, म्हणून चढउतार सोसणारा वेगळा मागवला. बारा बारे एकशे चव्वेचाळीस, भागिले कम्प्युटर खातो ते पन्नास वॅट, म्हणजे पावणेतीन तासांच्या वर चालायला पाहिजे. कागदावर. पण लेड-ॲसिडची बॅटरी घाईनं पिळली की पूर्ण रस देत नाही, आणि भावानं ती गेल्या हंगामात पार गळेपर्यंत वापरलेली. सव्वा तास चालतो.

खरा घाम निघाला तो पंख्याच्या भोकाला. १२ सेंटिमीटरचा पंखा, आणि तेवढं भोक पाडायचं हत्यार आमच्या तालुक्यात कोणाकडे नाही. कंपासनं गोल आखला, रेघेवर ड्रिलनं शेजारी शेजारी बारीक भोकं पाडली, मधले मणके एकेक करून हॅक्सॉच्या पात्यानं कापले आणि कडा कानशीनं घासल्या. हे सगळं अंगणात चाललेलं, आणि दोन हातांवर आईनं तुरीची डाळ वाळत घातलेली. मरून भुसा वाऱ्यानं कुठं गेला ते सांगत नाही. त्या रात्रीचं वरण मी मुकाट्यानं चाळून खाल्लं.

वजन भरलं नऊ किलो. उगाच हसू नका. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न नावाचा पोर्टेबल कम्प्युटर विकायला आला, तो जवळपास अकरा किलोंचा होता. पडदा पाच इंची, आत बॅटरी नाही, जाल तिथं भिंतीतला प्लग शोधा. मूठ आहे एवढ्यापुरताच पोर्टेबल. त्या हिशेबानं मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दोन किलोंची प्रगती केली, तीही एकट्यानं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्याइनं बायकोची ॲटॅची नसन फाडली."

तर परवा पडद्याची वायर बदलायला यवतमाळला गेलो होतो. तिथल्या दुकानातल्या पोरानं झाकण उघडलं, आत पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, "काका, सेकंडहँड लॅपटॉप दाखवू काय?" वायर लागली, तासभर चालवून पाहिलं, आणि मी दुपारच्या दारव्हा गाडीत बसलो. सीटखाली ठेवली असती तर गचक्यांनी बोर्ड सुटला असता, म्हणून सुटकेस मांडीवर. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस, आत त्याहून जास्त. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून विचारलं, "मोझरीहून आले काय जी? पेटी वाजवता?" मोझरीला तुकडोजी महाराजांचा आश्रम, तिला वाटलं मी भजनातला पेटीवाला. मी म्हटलं, पेटी आहे पण वाजत नाही. तिला वाईट वाटलं.

शेजारी म्हातारा होता. धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा, पायाशी खताच्या चुंगडीची पिशवी. त्यानं सुटकेसवर दोन बोटं ठेवली, बैल बाजारात पाहतात तशी.

"मशीन हाय?"

"हो काकाजी. कम्प्युटर आहे."

"कम्प्युटरवालंच पाह्यजे. नारयलवाले झाले माह्ये सारे."

मला काही कळलं नाही. मग कळलं, आणि तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या वावरात आतापर्यंत तीन पाणाडे, म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणारे, येऊन गेलेले. एकाच्या तळहातावर नारळ उभा राहिला. दुसऱ्याच्या हातात कडुलिंबाची काडी फिरली. तिसरा तांब्याची तार घेऊन आला, जेवला आणि तारेसकट गेला.

"नारयल उभं झालं जी," ते म्हणाले, "अन् मी आडवा झालो. तीनशे फूट गेलो, नुस्ता फुफाटा निंगाला."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण चार बुकं शिकलेल्या माणसाची जीभ वळवळते. मी सांगायला लागलो की काकाजी, नारळाबिरळात काही नसतं. पाणी पाहायचं खरं यंत्र वेगळं असतं. लोखंडाच्या चार खुंट्या एका रेषेत जमिनीत ठोकतात, बाहेरच्या दोघींतून करंट सोडतात, आतल्या दोघींत किती व्होल्ट येतात ते मोजतात. ओला दगड करंटला कमी अडवतो, कोरडा जास्त. खुंट्या जितक्या लांब लांब ठोकाल तितकं खोलचं कळतं. आपला हा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. पाणी दगडात नसतं, भेगांत आणि दोन थरांमधल्या कुजक्या दगडात असतं. भेग चार हात बाजूला राहिली की बोर कोरडा. हे सगळं मी माझा कम्प्युटर ते यंत्र नाही हे पटवण्यासाठी सांगितलं, ही माझी अक्कल.

म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं. मागच्या सीटवाल्याला म्हणाले, "याइले सारं मालूम हाय." मग माझ्याकडे वळले. "खुंट्या कितीक म्हनले? चार न? खुंट्या मी देतो. बैलं इकले, खुंट्या हायेत."

मी म्हटलं, यात पाण्याचं काहीच नाही हो, फॉर्म भरायचा कम्प्युटर आहे.

"फारम मंग भरू. पायाळू हा काय तुमी?"

"नाही!"

"चिडू नोका साहेब. पायाकून जलमलेल्या मानसाले जमिनीतलं पानी दिसते म्हून इचारलं."

मी साहेब झालो होतो. मागून कोणी 'दाखवा ना जी' म्हणालं, कंडक्टरही तिकिटं सोडून आमच्याजवळ थांबला, आणि खरं सांगतो, मला वाटलं, बरं झालं, एकदाचं उघडून दाखवू. पडदा दिसला, किबोर्ड दिसला की सगळ्यांना कळेल. कोणीतरी विचारेल, भाऊ, हे बनवलं कसं? ते भोक इतकं गोल कसं आलं? अडीच महिने मी या प्रश्नाची वाट पाहतोय.

झाकण उघडलं, बेलचं बटण दाबलं. पंखा गरगरला. विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं आहे, आणि सुरू होतानाच्या ओळी मी मुद्दाम लपवलेल्या नाहीत, त्या भारी दिसतात. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ, प्रत्येकीच्या तोंडाशी हिरव्या अक्षरांत ओके. एवढं इंग्रजी सगळ्यांना येतं, ट्रकच्या मागं वाचून वाचून.

"ओके म्हंते!" म्हातारा ओरडला. आणि बोटानं मोजायला लागला. मागचे दोघंही मोजायला लागले. पंधरा. सोळा. सतरा. पंख्यानं उन्हामुळे पूर्ण जोर धरला, तर म्हाताऱ्यानं कान लावला. "आवाज येऊन रायला न पान्याचा?" पुढची बाई म्हणाली, "हो बाप्पा, येऊन रायला." माझ्या मरून भोकाला सगळी बस कान लावून बसलेली.

तेवढ्यात पडदा काळा. दुकानात तासभर चालवलेलं, बॅटरी साडेअकराच्याही खाली गेलेली. पंखा दोन फेरे आळसावून फिरला आणि थांबला.

म्हातारा पडद्याकडे पाहत राहिला.

"आटलं," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. मलाही जमलं नाही. "माह्या पैल्या बोरचंबी असंच. धा मिन्टं आलं धोधो, पोट्टे भिजले त्यात, मंग आटलं. तिसऱ्याच्या टायमाले बैलं देल्ले."

यावर काय बोलणार? पाणी लागलं असतं तरी मोटर चालवायची लाईन कधी दिवसा, कधी रात्री. अंधारात बॅटरीचा उजेड पाडत, साप-विंचू पाहत बांधावर जायचं. लाईन नसते म्हणूनच तर मी हा नऊ किलोंचा उपद्व्याप मांडला. म्हणजे आम्ही दोघंही एकाच तारेचे बळी, आणि भांडत होतो एकमेकांशी. पण हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. बसमध्ये मला फक्त एवढंच वाटत होतं की कडा कानशीनं घासायला मला चार दिवस लागले, आणि त्याबद्दल एकानंही विचारलं नाही.

दारव्ह्याला उतरताना त्यांनी पिशवीतून दोन मोसंबी काढून सुटकेसवर ठेवली. माझ्या हातात नाही, सुटकेसवर. नंबर मागितला. सुटायचं म्हणून खोटा द्यायचा विचार केला होता, पण तोंडातून खराच निघाला.

घरी येऊन तावातावानं सगळं सांगितलं. बायको मोसंबी सोलत म्हणाली, "म्हणजे अडीच महिन्यांत पहिली कमाई." आई डाळ निवडत होती (तीच डाळ, अजून निवडते आहे). मी म्हटलं, "आणि वर मला विचारतात, पायाळू हा काय!"

आईनं मान वर केली. "मंग नाही म्हनलं काउन? पायाळूच त होयेस तू. सुईण किती घाबरली होती."

बेचाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आज सकाळी मी आंघोळीला गेलो आणि फोन वाजला. आईनं उचलला. डोक्यावर तांब्या रिकामा करता करता बाहेरून तिचा आवाज आला. ती एरवी परक्या माणसाशी बोलायला लाजते, पण आज मोठ्या मायेनं बोलत होती.

"हो जी, पायाळूच हाय थो. येईन न, काउन नाही येनार? आइतवारी पाठवतो. खुंट्या तेवढ्या काढून ठेवजा."