परत आल्यावर सांगू, असं म्हणू नका

सुट्टीवर गेल्यावर माणूस आपल्या माणसांचा जेवढ्या मायेनं विचार करतो, तेवढा घरी असताना क्वचितच करतो. आणि ती माया बहुतेक वेळा मनातच घेऊन परत येतो. मी सध्या घरापासून लांब आहे, सुट्टीवरच, आणि इथे आल्यापासून हाच विषय डोक्यात आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

घरी आपली माणसं दिसत नाहीत असं नाही, पण ती कामांच्या आडून दिसतात. नवरा म्हणजे ‘बिल भरलंस का?’, मुलगी म्हणजे ‘अभ्यास झाला का?’, आई म्हणजे ‘गोळ्या घेतल्यास का?’. दिवसभराचं बोलणं एवढ्यातच संपतं. लांब आलं की हे प्रश्न बाजूला पडतात आणि माणूस समोर येतो. परवा इथे एक वृद्ध बाई रस्ता चुकल्या होत्या. नवरा त्यांना फोनवरचा नकाशा दाखवून वाट समजावत होता. त्यांना कळेना, तरी तो तितक्याच शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. मी बाजूला उभी राहून बघत होते. हाच शांतपणा घरी रोज माझ्या वाट्याला येतो, माझा दिवस त्याच्यावर तरून जातो. हे मी त्याला तिथेच, रस्त्यात सांगितलं. तो लाजला. मग बराच वेळ मजेत होता.

बरोबर आलेल्यांचं एक वेळ ठीक आहे, ते निदान डोळ्यांसमोर असतात. मला जास्त बोलायचंय ते मागे राहिलेल्यांबद्दल. माझी आई सध्या दादा-वहिनीकडे आहे. तिच्या औषधांच्या वेळा, रात्री उठून तिला बाथरूमपर्यंत धरून नेणं, तेच ते प्रश्न परत परत ऐकून परत परत उत्तर देणं, हे सगळं वहिनी करतेय. दादा मदत करतो, पण रात्रीची झोपमोड तिचीच होते. म्हणून मी इथे सकाळी निवांत झोपू शकते. ऑफिसात एक सहकारी माझी कामं स्वतःच्या कामांच्या वर घेऊन बसलाय. शेजारच्या काकू कुंड्यांना पाणी घालतायत, किल्ली त्यांच्याकडेच आहे. आपण सुट्टीचा हिशोब मांडतो तेव्हा तिकिटं आणि मुक्काम धरतो, ही माणसं त्यात नसतात. परतताना त्यांच्यासाठी एखादी वस्तू घेतो आणि आपल्याकडून झालं असं समजतो. वस्तू जरूर द्यावी. पण वहिनीची झोप त्या वस्तूनं भरून निघत नाही, आणि आपल्या लक्षात काय काय आलंय हेही तिला त्यातून कळत नाही.

‘परत आल्यावर निवांत बोलू’ हे मला पटत नाही, कारण परत आल्यावर निवांत काहीच होत नाही. नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर लोकांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे निघण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदात होते. परतल्यावर मात्र बहुतेकांच्या आनंदात घरीच राहिलेल्यांच्या तुलनेत फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अगदी आरामात गेली होती, त्यांच्यातच तो थोडाफार टिकला. मला यात नवल वाटलं नाही. कपडे धुवायला पडलेले असतात, ऑफिसचे मेल साचलेले असतात आणि आपलीच माणसं पुन्हा कामांच्या आड जातात. इथे मन भरून आलंय तेव्हाच जे सांगायचं ते सांगून टाकावं.

मग आपण का सांगत नाही? संकोच वाटतो. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, नाटकी वाटेल, आणि त्यांना तर माहीतच आहे, असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी 2018 मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना आभाराची पत्रं लिहायला सांगितली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं तेवढं अवघडलेपण वाचणाऱ्यांना जाणवलंच नव्हतं, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा बराच जास्त झाला होता. लिहिणारे आपल्या शब्दांची चिंता करत होते. वाचणाऱ्यांपर्यंत त्यातला जिव्हाळा पोचला होता.

फक्त एक पाळावं, मोघम लिहू नये. ‘तुम्ही सगळे आहात म्हणून’ हे कोणालाही पाठवता येतं, आणि म्हणूनच ते कोणाच्याच मनाला भिडत नाही. कोणती गोष्ट, कोणत्या दिवसाची, तिच्यामुळे आपल्याला काय करता आलं, तेवढं लिहावं. दोन ओळी पुरतात.

सुट्टीचे शेवटचे दिवस आले की मन खट्टू होतं. त्यावर एक गोष्ट मला मनापासून आवडली. 2008 मधल्या एका प्रयोगात पदवी हातात पडायला थोडेच आठवडे उरलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना ‘आता फार थोडा वेळ उरला’ असा विचार करायला लावला, तर काहींना ‘अजून बराच आहे’ असा. वेळ कमी आहे हे ज्यांच्या मनावर ठसलं, ते मित्रांमध्ये, कॉलेजच्या गोष्टींमध्ये जास्त रमले आणि जास्त आनंदी झाले. म्हणून परतीची तारीख मी मुलीपासून लपवत नाही. ‘अजून दोन संध्याकाळी आहेत, कशा घालवायच्या?’ असं विचारलं, तर तिनं ‘नुसतं चालू या, तू मी आणि बाबा, फोन खोलीत ठेवून’ असं सुचवलं. तसंच करणार आहोत.

हे वाचताना काहींना बोचेल, याची मला जाणीव आहे. घरातलं कोणी गेल्यानंतरची पहिली सुट्टी फार अवघड असते. दरवेळी बरोबर असणारा माणूस नसतो आणि प्रत्येक सुंदर जागा त्याचीच आठवण काढते. अशांनी कृतज्ञ राहावं, असं मी कधीच म्हणणार नाही. माझे बाबा गेले त्यानंतरच्या प्रवासात मला कोणी हे शिकवायला आलं असतं, तर मी उठून गेले असते. तेव्हा बरं वाटलं ते एकाच गोष्टीनं. आत्याला फोन केला आणि बाबा प्रवासात कसे सगळ्यांच्या आधी उठून तयार होऊन बसायचे, ते आम्ही दोघी बोलत बसलो. त्यांना सांगायचं राहिलं होतं ते त्यांच्या बहिणीला सांगितलं. ती रडली, मीही रडले, आणि फोन ठेवताना दोघींनाही जरा हलकं वाटत होतं.

काल रात्री वहिनीला लिहिलं. आई रात्री किती वेळा उठते हे मला माहीत आहे, तरी तू एकदाही फोनवर तक्रारीचा सूर काढला नाहीस, आणि इथली माझी प्रत्येक सकाळ तुझ्यामुळे आहे, एवढंच. सकाळी तिचं उत्तर आलं: ‘तुझ्या लक्षात येतं ना, बास.’ त्याखाली आणखी एक ओळ होती, की तिला आणि दादाला कुठे जाऊन बरीच वर्षं झाली. ती ओळ वाचून आम्ही नाश्त्यालाच ठरवून टाकलं. पुढची सुट्टी त्या दोघांची. आई आमच्याकडे राहील, रात्रीचं उठणं नवरा आणि मी वाटून घेऊ. तारखा मी तिला आजच मागितल्या आहेत, आम्ही परत येण्याआधीच दोघांची तिकिटं काढायची आहेत.