‘फोटोग्राफीचे 7 सुवर्णनियम’ या मेसेजला माझं उत्तर

मागच्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला पाच ग्रुपवर आलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) घेतल्याशिवाय खरी फोटोग्राफी होत नाही, मेगापिक्सेल जेवढे जास्त तेवढा फोटो क्लिअर, सकाळी 10 ते दुपारी 4 कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, माणूस असो की वस्तू कधीच मधोमध ठेवायची नाही, ऑटोवर (सगळं कॅमेऱ्यावर सोडून) काढतो तो फोटोग्राफरच नाही, आयएसओ (कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) 100 च्या वर न्यायचा नाही, आणि अंधार असला की फ्लॅश मारायचा.

मी परभणीकडं लग्नाचे फोटो काढतो, 14 वर्षं झाली. असे मेसेज येतात जातात, मी कधी काही बोलत नाही. पण यावेळी माझा भाचा, बारावी झालेलं पोरगं, ते वाचून आईच्या मागं लागलंय की 60 हजाराचा कॅमेरा हप्त्यावर घेऊ, त्याशिवाय शिकता येत नाही म्हणतंय. घरी तीन एकर कोरडवाहू. बहिणीचा फोन आला, "दादा, खरंच घ्यावाच लागतो का रे?" म्हणून लिहायला बसलो.

तर पहिलं डीएसएलआरचं. ताई, नाही घ्यावा लागत. एकतर मेसेज लिहिणाऱ्याला बाजारात काय चाललंय तेच माहीत नाही, कॅननचा वन-डीएक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी 6 हे दोघांचे मोठे डीएसएलआर 2020 चे, त्यानंतर दोन्ही कंपन्यांचं सगळं लक्ष मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, गेलंय. आणि दुसरं म्हणजे शिकायचं काय असतं? उजेड कुठून यायलाय, आपण कुठं उभं रहायचं, कधी दाबायचं. हे तिन्ही फोनवर शिकता येतं आणि रोज शिकता येतं कारण फोन खिशातच असतो. कॅमेरा लागतो तो पुढं, लांबचा पक्षी पाहिजे असला, जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात त्याला फोन पुरत नाही हे मी कबूल करतो, किंवा कमी उजेडात पैसे घेऊन काम करायचं असलं तर. तोपर्यंत थांबावं, आणि तेव्हाही जुना घ्यावा.

मेगापिक्सेलवर जास्त बोलत नाही, हिशोबच मांडतो. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 4000 बाय 3000 ठिपके. लग्नाच्या अल्बमचं 12 बाय 18 इंचाचं पान धरा, 4000 भागिले 18 केलं की इंचाला 222 ठिपके येतात, हातात घेऊन बघायच्या पानाला तेवढे पुरतात. ज्या फोनवर 50 मेगापिक्सेल लिहिलेलं असतं तो बहुतेक वेळा चार चार ठिपके एकत्र करून तुम्हाला साडेबाराचाच फोटो देतो. फोटो क्लिअर येतो तो उजेड जास्त मिळाल्यानं. मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचं सेन्सर, म्हणजे उजेड पकडणारा आतला तुकडा, 36 बाय 24 मिलिमीटर असतं, फोनचं नखाएवढं, फरक तिथं आहे. आणि लेन्सवर बोटाचं तेल असतं ना, ते आधी रुमालानं पुसा. मी सांगतो, निम्म्या लोकांची "माझा फोन धुरकट फोटो काढतो" ही तक्रार तिथंच मिटते.

आता दुपारचं. या नियमाचा मला खरा राग येतो कारण तो आपल्या भागाला लागूच होत नाही. मराठवाड्यात वर्षातले आठ महिने ऊनच असतं, लग्नाचे मुहूर्त दुपारी साडेबाराचे, बाजार दुपारी भरतो, माणसं दुपारीच भेटतात. कॅमेरा चारपर्यंत बॅगेत ठेवला तर काढायचं काय? हे खरंय की डोक्यावरच्या उन्हात चेहरा घेतला तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. पण माणसाला उन्हातून उचलून दोन पावलं आत घ्या, ओसरीच्या कडेला, तोंड अंगणाकडं. अंगणातलं ऊन मातीवरून आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून उडून चेहऱ्यावर येतं, इतका मऊ उजेड असतो की स्टुडिओत हजारो रुपयांची छत्री लावून तसा आणावा लागतो. मागच्या उन्हाळ्यात एका म्हातारीचा फोटो असाच उंबऱ्यावर बसवून काढला, बाराचा टाइम, डोक्यावरचा पदर पांढरा, आणि त्या पदराचाच उजेड गालावर पडलेला, एकेक सुरकुती मोजून घ्यावी. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, जुनं घर शिल्लक असेल तर आणखी सोनं, त्या छताला उजेडासाठी भोक ठेवलेलं असतं त्यातून दुपारीच उन्हाचा खांब सरळ खाली उतरतो, चुलीचा धूर असला की तो खांब डोळ्याला दिसतो. सकाळी सहाला हे नसतं.

वेरूळचंही तेच. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, डोंगर मागं पूर्वेला. मी नवीन असताना असलंच काहीतरी वाचून पहाटे निघून सूर्योदयाला 16 नंबरच्या कैलास लेण्यात पोचलो होतो, अंगण सगळं सावलीत, मागची कातळभिंतच शंभर फुटांच्या आसपास उंच. दुपारी ऊन वरून उभ्या भिंतींना घासत खाली यायला लागलं तेव्हा कोरीवकाम सुटून दिसायला लागलं, कारण दगडातली खोली आडव्यातिडव्या सावलीनंच कळते. 10 नंबरच्या चैत्यात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, तर उजेड समोरच्या खिडकीतून आत जातो, तो दुपारनंतरच.

मधोमध ठेवू नका म्हणे. चौकटीचे तीन भाग पाडायची ही युक्ती 1797 साली एका इंग्रज चित्रकारानं निसर्गचित्रांसाठी लिहिली, कॅमेऱ्यातून काढलेला सगळ्यात जुना टिकलेला फोटो 1826-27 चा आहे, म्हणजे नियम फोटोग्राफीसाठी झालेलाच नाही. कामाचा आहे, नाही म्हणत नाही. पण बीबी का मकबऱ्यासमोर उभं रहा, पाण्याचा पाट सरळ मधून जातो, चार मिनार दोन्हीकडं सारखे, बांधणाऱ्यानं सगळं मधाला धरून बांधलंय आणि तुम्ही घुमट उचलून कडेला टाकणार का? तिथं मधोमध, बरोबर मधोमध, आणि क्षितिज सरळ.

ऑटोचं मात्र सविस्तर सांगतो कारण भाच्याचा प्रश्न इथंच अडकलेला होता. त्यानं मला वेचणीला आलेल्या कापसाचा फोटो पाठवला, म्हणला मामा हे बघा, ऑटोवर कापूस मातकट दिसायलाय, मॅन्युअल, म्हणजे सगळं हातानं ठरवायचं, तेच पाहिजे. मी म्हणलं थांब. कॅमेऱ्याला कापूस काय आणि माती काय कळत नाही, त्याला समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं वाटतं आणि तो तसं करायला जातो. चौकटभर पांढरा कापूस दाखवला की तो उजेड कमी करतो, कापूस मळतो. चौकटभर काळं रान, काळी म्हैस दाखवली की उजेड वाढवतो, काळं राखाडी होतं. इलाज एका बोटाचा आहे: फोनवर कापसावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवा, कॅमेऱ्यात असेल तर अधिक-उणेचं बटण दाबून अधिक 1 करा. काळ्याला उलटं, उणे.

पण आपल्याकडं दोन्ही एकत्रच असतं ना, काळ्या रानात एकच फुटलेलं बोंड. तिथं कॅमेरा मातीकडं बघून उजेड वाढवतो आणि बोंड जळून नुसता पांढरा डाग होतो, आतले तंतू गेले ते गेले, नंतर कोणत्याही ॲपमध्ये परत येत नाहीत. म्हणून तिथं चिन्ह खाली सरकवत जायचं, तंतू दिसायला लागले की थांबायचं, माती काळी झाली तर होऊ द्या, ती काळीच आहे. भाच्यानं दुसऱ्या दिवशी त्याच फोनवरून पाठवलेल्या बोंडात मला सरकीच्या जवळचं केसाएवढं सूत मोजता येत होतं.

मीही लग्नात बहुतेक वेळ निम्म्या ऑटोवर असतो, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) मी धरतो, शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) कॅमेरा ठरवतो. अक्षता उडतात त्या दोन सेकंदांत तीन चाकं फिरवत बसलो तर नवरी हसलेली निघून जाते. मॅन्युअल मी स्टेजवर वापरतो, जिथं लाइट बांधलेले असतात आणि रात्रभर बदलत नाहीत.

आयएसओ आणि फ्लॅश हे दोन्ही एकत्रच घेतो, दोन्ही अंधाराचेच आहेत. रात्रीचं कीर्तन धरा, मंडपात ट्यूबलाइट. आयएसओ 100 वर शटर आलं पाव सेकंद, म्हणजे बुवांचा हात, टाळ, सगळं पाण्यासारखं वाहून गेलं. 100 चे 200, 400, 800, 1600, 3200, पाच वेळा दुप्पट केलं की तेच शटर सेकंदाच्या 125 व्या भागावर येतं, हात थांबतो. दाणे येतात, येऊ द्या. दाणेदार फोटो घरात लावता येतो, हललेला नाही. आणि दाणे आयएसओच्या आकड्यानं येतात असंही नाही, उजेड कमी पडल्यानं येतात. 100 वर काळा फोटो काढून नंतर उजळून बघा, तेवढेच किंवा जास्तच निघतात.

फ्लॅशचं म्हणाल तर अंतर चौपट झालं की त्याचा उजेड सोळावा हिस्सा उरतो. बुवा चाळीस फुटांवर, तुमचा फोनचा फ्लॅश जेमतेम समोर बसलेल्याच्या टोपीपर्यंत. त्या टोप्या पांढऱ्याफेक येतात आणि बुवा अंधारात.

अजिंठ्यात तर फ्लॅशला बंदीच आहे आणि ती पाळा, हात जोडून सांगतो, एवढे जुने रंग जपायलाच पाहिजेत. 1 नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर ट्रायपॉडही परवानगीशिवाय लावता येत नाही. आयएसओ 1600 किंवा 3200 करा, कोपरं छातीला चिकटवा, भिंतीला किंवा खांबाला टेकू नका, अर्धा श्वास सोडून थांबा आणि सलग चार-पाच फोटो घ्या, त्यातला एक न हललेला निघतोच. आधी मात्र दोन मिनिटं नुसतं उभं रहा, बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावतात तसे आधी मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग हातातलं निळं कमळ असं एकेक दिसायला लागतं, मग काढा.